सात नंबरची भिंत

गुणाजी मेस्त्रींना कुणी घरी जेवायला बोलवत नसे. माणूस वाईट नव्हता, डोळा वाईट होता. उंबरा ओलांडला की पाहुणचार राहिला बाजूला, यांची नजर आधी भिंतींवरून फिरायची. मुलीसाठी घाटकोपरला स्थळ बघायला गेले, पोह्यांची बशी हातात घेतली आणि मुलाच्या बापाला म्हणाले, "सैपाकघराची भिंत पोटात फुगलेली आसा. कोणी बांधल्यान?" बांधली होती त्या बापानेच. पोहे संपायच्या आत स्थळ मोडलं. हा किस्सा ऐकून सगळे हसतात, त्यांची बायको वनमाला हसत नाही.

मूळ गाव कणकवलीकडचं. बाप गिरणीत, आणि हेही काही वर्षं तिथेच बदली कामगार. संपात गिरणी सुटली ती सुटलीच. मग एका गवंड्याच्या हाताखाली विटा वाहिल्या आणि पाच वर्षांत स्वतः थापी धरली. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत चाळीस वर्षांत किती घरं बांधली ते त्यांनाही सांगता यायचं नाही. स्वतः राहायचे अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीमागच्या उतारावर, एका जुन्या ट्रस्टच्या जागेत, पत्र्याच्या खोलीत. पावसाळ्यात मागून चिखल आत यायचा. वनमालाबाईंनी पलंगाचे पाय विटांवर चढवले होते, आणि दर दोन वर्षांनी त्यांना आणखी एकेक वीट लागायची.

मी शुभा. त्याच उतारावर बारा पक्की घरं बांधायला निघालेल्या संस्थेची तिथली व्यवस्थापक. योजना ऐकायला झकास होती. जागा ट्रस्टची, सामान देणगीचं, श्रम फुकटचे. मेस्त्रींसकट बाराही कुटुंबांनी एकमेकांच्या घरांवर राबायचं, गवंडीकाम मेस्त्रींनी बघायचं आणि दर शनिवारी आसपासच्या ऑफिसांतली मंडळी मदतीला येणार. 'माणुसकीची एक वीट लावू या' असं आमच्या पत्रकावर छापलं होतं. ते वाक्य माझंच. आता वाचलं की माझीच मला शिसारी येते.

शनिवारी मंडळी यायची ती नव्या टोप्या आणि हातमोजे घालून. वीट लावण्याआधी भिजवावी लागते हे चौघांत एकालाही ठाऊक नसायचं. गुणाजी वरून ओरडत, "अरे, वीट आसा ती, गणपतीचो पाट नाय! ठेव आणि दाब!" पोरांना या शिव्या फार आवडायच्या, ती मोबाइलवर टिपून घ्यायची. त्यातल्या हर्षदला मात्र खरंच शिकायचं होतं. नुकताच इंजिनिअर होऊन एका मोठ्या कंपनीत लागलेला, गोड स्वभावाचा मुलगा. गुणाजींनी त्याचं मनगट धरून त्याला थापी फिरवायला शिकवली. तो त्यांना काका म्हणायचा.

रविवारी गुणाजी शनिवारचं काम पाडायचे. दोरीला शिशाचा गोळा बांधलेला तो ओळंबा, तो भिंतीच्या कडेला सोडायचे, दोरी आणि भिंत यांच्यातली फट बघायचे आणि मालवणीत एक सणसणीत शिवी हासडायचे. सिमेंटचा माल पुरता घट्ट व्हायच्या आत विटा उतरवून, खरवडून, पुन्हा रचायच्या. संध्याकाळपर्यंत भिंत उभी आणि सरळ. पुढच्या शनिवारी पोरं यायची, भिंतीला टेकून फोटो काढायची, "काका, ही आपण बांधली ना?" असं विचारायची, आणि गुणाजी म्हणायचे, "होय तर."

कुणाला कळू द्यायचं नाही हे मीच त्यांना बजावलं होतं. त्यांची तक्रारही नव्हती. सरळ भिंतीचं श्रेय दुसऱ्याला गेलं तर जाऊ दे म्हणायचे. वाकड्या भिंतीला आपलं नाव लागता कामा नये, एवढीच त्या माणसाची घमेंड होती. माझ्या लेखी दोन्ही खोटंच, त्यात काय एवढं? त्यांच्या लेखी त्या दोन खोट्यांत जमीन-अस्मानाचं अंतर होतं. मला ते तेव्हा कळलं नाही, आणि कळलं असतं तरी मी वेगळं वागले असते याची खात्री नाही.

कुणाला कुठलं घर हे सोडतीने ठरलं होतं. मेस्त्रींना सात नंबर निघाला. वनमालाबाई रोज संध्याकाळी पायऱ्या चढून नुसत्या त्या जोत्यावर बसून यायच्या. गुडघ्यांनी साथ सोडली होती तरी यायच्या.

त्या सात नंबरची मागची भिंत बांधायला हर्षदच्या कंपनीचे मुख्य, चंद्रप्रकाश साहेब, चाळीस माणसं घेऊन आले. उरलेल्या चार घरांच्या छपरांचा सगळा माल त्यांची कंपनी देणार होती. साहेबांनी जाहीर केलं की अख्खी भिंत आपण एका दिवसात उभी करायची. दुपारी दोनलाच ती गुणाजींच्या डोक्यावर गेली. ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, एका दिवसात चार फुटाच्या वर भिंत चढवची नसता. माल ओलो आसता, वजनान बसता. थांबवा ह्यांका."

"मेस्त्री, आजचा दिवस तोंड मिटा," मी म्हटलं.

संध्याकाळी भिंत दहा फुटांवर गेली. साहेबांनी आतल्या बाजूला ओल्या गिलाव्यावर आपला पंजा उमटवला, मग चाळीस जणांनी उमटवले. बाहेर संगमरवरी पाटी बसली. गुणाजींनी ओळंबा सोडला, पाहिला, आणि पहिल्यांदाच शिवी दिली नाही. "अडीच इंच," एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "एक रविवार द्या माका."

कसा देणार? पंजांसकट भिंत पाडायची? मी म्हटलं, उद्घाटन होऊन जाऊ दे, मग बघू. त्यानंतर दर रविवारी ते मागत राहिले आणि मी तेच सांगत राहिले.

उद्घाटनाच्या तीन आठवडे आधी ट्रस्टचा इंजिनिअर तपासणीला आला. भिंत पडणार नाही, आतून एक खांब द्या, असं म्हणाला. पण अहवालात अडीच इंच लिहिले आणि हे काम कुणाचं, याचा लेखी खुलासा मागितला. आमच्या ऑफिसात पंधरा मिनिटं बैठक झाली. कंपनीचं नाव द्यावं तर चार घरं छपराविना राहणार. संस्थेचं द्यावं तर ट्रस्ट पुढची जागा देणार नाही. मग उरलं कोण? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी ठरते, चहा पिता पिता. खुलासा मी लिहिला. 'सदर भिंत बांधकामावरील गवंडी श्री. गुणाजी मेस्त्री यांनी बांधली असून त्यांच्या हातून चूक झाली आहे.' खाली त्यांच्या सहीला जागा सोडली.

कागद घेऊन मी त्यांच्या खोलीवर गेले. वनमालाबाईंनी चहा टाकला. गुणाजींनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला.

"ही भिंत माजी?"

"कागदापुरती, मेस्त्री."

"बाई, माजी चूक आसती तर मी तोंडान सांगितलंय असतंय. मी ह्येच्यावर सही करूचंय नाय."

मी तयारीनेच गेले होते. आवाज न चढवता म्हटलं, "सही नाही तर खुलासा नाही, आणि खुलासा नाही तर सात नंबरची चावी नाही. तुमचं तुम्ही ठरवा." नाक दाबलं की तोंड उघडतं, हे आमच्या कामात पहिल्या वर्षी शिकतात.

ते वनमालाबाईंकडे बघून म्हणाले, "वनमाला, माजा नाव जाईत गो."

त्यांनी चहाचा गॅस बंद केला. मला वाटलं आता ही बाई मला हाकलून देणार, आणि देवाशपथ, तिने तसं केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. त्या नवऱ्याला म्हणाल्या, "नावान पाणी गळाचा थांबता काय? चाळीस वर्सां लोकांची घरां सरळ केलात. माका काय दिलात? चिखल. करा सही."

गुणाजींनी सही केली. अक्षर मात्र मोत्यासारखं, एका रेषेत. चहा कुणी प्यायला नाही.

इथे सगळं मिटायला हवं होतं. पण खुलाशाला उत्तर म्हणून ट्रस्टने एक ओळ लिहिली: संबंधित गवंड्यास प्रशिक्षण द्यावे. चंद्रप्रकाश साहेबांना ही कल्पना इतकी भावली की त्यांनी दोन दिवसांचं शिबिरच लावून दिलं, उद्घाटनाला जोडून. शिकवायला हर्षद. त्याला बिचाऱ्याला रविवारचं काहीच माहीत नव्हतं; कंपनीला आम्ही कळवलं होतं की विटा तुमच्या, पण भिंतीची ओळ मेस्त्रींनी धरलेली, चूक तिथे झाली. काकांची चूक झाली हे कळल्यावर त्याला मनापासून वाईट वाटलं होतं, आणि काकांना आपण सुधारू असं त्याने मनावर घेतलं होतं.

सात नंबरच्या दारात मांडव घातला. आसपासचे पंधरा गवंडी बोलावले. त्यातले निम्मे गुणाजींच्या हाताखाली शिकलेले. हर्षदने फळ्यावर चित्र काढलं आणि म्हणाला, "याला ओळंबा म्हणतात. काका, तुम्ही या पुढे, धरून दाखवा." गुणाजी उठले, ओळंबा धरून उभे राहिले. "हात थोडा वर, काका. अस्सं." मागून त्यांचाच जुना चेला कुंडलिक मोठ्याने म्हणाला, "मेस्त्री, आमका थोबाडीत मारून शिकवलंत, आणि आता तुमीच पयलीत?" मांडव हसला. गुणाजींनी हात खाली केला नाही. मी पाण्याच्या बाटल्या वाटत होते.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. प्रत्येकाने तीन फुटांची भिंत बांधायची. गुणाजींची सगळ्यांच्या आधी झाली. हर्षदने ओळंबा सोडला. दोरी भिंतीला अशी लागून राहिली की मध्ये नख गेलं नसतं. पोरगं हरखलंच. साहेबांना हाका मारत पळालं, "सर, बघा ना सर! सात नंबरच्या भिंतीची ओळ यांनीच धरलेली! दोन दिवसांत केवढी सुधारणा!"

साहेब आले. वाकून भिंत पाहिली, गुणाजींच्या पाठीवर हात ठेवला. "शिकायला वय नसतं," ते माइकवर म्हणाले. एका हातात प्रमाणपत्र, दुसऱ्या हातात चावी. प्रमाणपत्र त्यांनी आधी पुढे केलं. पहिल्या रांगेत वनमालाबाई खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, नजर चावीवर.

पंधरा गवंडी ती भिंत बघत होते. असलं काम दोन दिवसांत येत नाही हे त्यांतल्या प्रत्येकाला दिसत होतं, आणि कुणीतरी आता बोलणार असं मला वाटलं. गुणाजींनी प्रमाणपत्र घेतलं नाही. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांना बोलायचं नव्हतं, त्यांचं त्यांनी सही करून संपवलं होतं. मी बोलावं असं त्यांना वाटत होतं. एक वाक्य पुरलं असतं.

चावी अजून साहेबांच्या हातात होती, आणि चार घरांची छपरं यायची होती. मी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मग सगळ्यांनी वाजवल्या.