पाट्यांचा वैरी

माझ्या व्याह्यांइतका पाट्यांचा वैरी साऱ्या आखातात दुसरा झाला नसेल. जिथे मनाई लिहिलेली दिसेल तिथे त्यांचा पाय आधी पडायचा. बहारीनच्या मीना सलमान बंदरातल्या एका वर्कशॉपमध्ये ते वेल्डर होते. तिथे एका खोलीवर ‘फक्त साहेबांसाठी’ असं लिहिलेलं, तर हे रोज तिथेच पाणी प्यायचे, तहान असो नसो. बागेत मुद्दाम हिरवळीवरून चालायचे. पोलीस “मफी, मफी”, म्हणजे नाही-नाही, म्हणून ओरडला की “इंशाल्ला” म्हणत हात हलवायचे आणि चालतच राहायचे. माहूज भागातल्या आमच्या इमारतीच्या कठड्याला रंग दिला, ‘ओला आहे’ अशी चिठ्ठी लावली, तर यांनी तळवा टेकवून पाहिला आणि त्याच हाताने नातीला उचललं. मी चिडले. तर म्हणाले, “विहीणबाई, आपल्या बापजाद्यांनी सगळ्या पाट्या पाळल्या. वाचता येत नव्हत्या तरी पाळल्या. मला वाचता येतात, म्हणून मी पाळत नाही.” आम्ही बौद्ध माणसं, यावर मी काय बोलणार? पण फ्रॉक मीच घासला, रॉकेल लावून.

दुसरं वेड चढाचं. त्यांचं गाव लेण्यांच्या डोंगराखाली, आणि बहारीन परातीसारखं सपाट. लिफ्ट सोडून ते जिने चढायचे. गच्चीवर जायला मनाई होती, म्हणजे गच्चीवर जाणं आलंच. तिथे उभे राहून म्हणायचे, “चढच नाही हो या मुलखात. माणूस वर बघायचं विसरतो.” वीस वर्षांत गावी गेले ते लग्नं आणि मयतं उरकायला. डोंगर राहूनच गेला. मग गुडघे धरले. डॉक्टर म्हणाले, एखादा चढ अजून झेपेल, पुढे नाही. आखातातली लढाई होऊन दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हा. नेमकं त्याच सुमारास ऑस्ट्रेलियातल्या त्यांच्या मुलाने बोलावलं. उलुरू दाखवतो म्हणाला, सपाट रानात एकटाच उभा तांबडा खडक, डोंगराएवढा. व्याह्यांनी ठरवून टाकलं, उरलेला चढ तोच. नवे बूट घेतले आणि महिनाभर घरातच घालून फिरले.

व्याही, त्यांची लेक म्हणजे माझी सून, नात आणि मी असे गेलो. त्यांचा मुलगा तिथे होताच. खडक पाहून मी गप्प झाले, आणि मी सहसा होत नाही. लोक साखळी धरून वर चढत होते. पायथ्याशी पाटी. सुनेने कपाळाला हात लावला.

“चला पप्पा, तुम्हाला काय पाटीचं!” मुलगा हसला. हेही हसले, चार पावलं चढलेसुद्धा. मग थांबून नातीला विचारलं, “कुणी लावली गं? सरकारने?”

“नो आजोबा. इथल्या आदिवासींनी. ही त्यांची पवित्र जागा आहे. प्लीज डोंट क्लाइंब, म्हणतात.”

“चढलं तर दंड?”

“नो. दे आर जस्ट आस्किंग.”

नुसती विनंती आहे, असं सुनेने मला सांगितलं. व्याही तिथेच उभे.

“पप्पा, सगळे चढतायत. परत कधी येणार तुम्ही?”

“यांचं रान घेतलं, यांना हाकललं, आणि हे विनंती करतात,” व्याही म्हणाले. “दटावलं असतं तर चढलो असतो रे.”

चढलेली चार पावलं उतरून आले. बूट काढून, मान वर करून दुपारभर पायथ्याशी बसले. मुलगा रुसला. मी तोंडावर म्हटलं, “इतक्या लांब बसायला आलात?” तर हसलेही नाहीत.

पुढच्या रजेत गावचा डोंगर चढायचं ठरलं. रजा मिळेपर्यंत गुडघे गेले. गावी जाऊन आले, पण डोंगर अंगणातूनच बघितला.

एका शुक्रवारी मी विचारलं, “पस्तावता का?”

“रोज. स्वप्नात त्या खडकावर चढतो, विहीणबाई. पण निम्म्यावरून परत फिरतो.”

“अहो, स्वप्नात तरी जा वर! तिथे कोण बघतंय?”

ते नुसते गुडघे चोळत बसले.

आता ते नाहीत. झोपेतच गेले. त्या शेवटच्या झोपेत तरी ते वर पोचले असावेत, असं मला फार वाटतं. आणि पोचले नसणार, हेही मला माहीत आहे.