डावरीचा हिरो

आम्ही दोघांनी मिळून केलेली शेवटची साधी गोष्ट म्हणजे सांगलीला जाऊन मारामारीचा एक पिक्चर बघितला, आणि तो भिकार निघाला. माझी बायको त्याची पाच-सहा वर्षं वाट बघत होती. पहिला भाग तिनं तंबूत बघितला होता. दुसरा निघणार असं कुणीतरी सांगितल्यापासून तिनं माझा जीव खाल्ला होता. साठीच्या घरातली बाई, नातवंडं झालेली, आणि नाद कसला, तर फायटिंगचा.

गावात तिला सगळे डावरी म्हणत. नुसतं नाव घेतलं तर कुणाला कळायचं नाही, डावरी म्हटलं की पोरंही घर दाखवायची. लहानपणी तिच्या आईनं डावा हात फडक्यानं बांधून ठेवला होता, तरी खोड गेली नाही. लग्न होऊन ती तासगावाकडं आमच्या घरात आली, तेव्हा माझ्या आईनं पहिल्याच पंगतीला सांगितलं, "डाव्या हातानं वाढलेलं मी खायाची न्हाई." मग वाढायचं तेवढं उजव्यानं. घरात इतकी वर्षं काढली, पण वाढायला उभी राहिली की पाहुणी वाटायची. अवघडलेली.

रानात भांगलायला बायका ओळीनं बसल्या की हिचं खुरपं शेजारणीच्या हातावर जायचं. म्हणून हिला कायम कडेची पात. बाकीच्या गप्पा मारत पुढं सरकायच्या, ही एकटी बांधाच्या अंगाला. कुणी चेष्टा केली तर म्हणायची, "कडंला बसलं की वारं लागतं. तुमी बसा उकडत." वाईट वाटत असणार. मी कधी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

तिचं माहेर कोरेगावाकडं. तिथल्या जत्रेत दरसाल तंबूतला सिनेमा यायचा. गडीमाणसं एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला, मधे दोरी. पण तो पहिला भाग आला त्या वर्षी गर्दी एवढी झाली, की तंबूवाल्यानं दोरी काढली आणि बायकापोरांना पडद्याच्या पाठीमागं बसवलं. कापड पातळ, मागूनही चित्र दिसायचं. मी मेव्हण्याबरोबर पुढं बसलो होतो.

पिक्चर दगडाच्या खाणीतल्या एका गड्याचा. मुकादम त्याच्या भावाला मारतो. हा आधी भितो, पळून जातो, सापडतो, मार खातो. अर्धा पिक्चर तो मारच खातो. शेवटाला उठतो आणि मुकादमाला लोळवतो. तंबूत असा दंगा झाला, की बाहेर बांधलेली बैलं उधळली.

घरी जाताना बैलगाडीत ती एकदम म्हणाली, "त्यो डावरा हाय."

"कोण?"

"हिरो. शेवटाला दगूड उचलला त्यो डाव्यानं. मुकादमाला हाणला त्यो बी डाव्यानं."

"उजव्यानं हाणला. मी समोर बसलोतो."

"समोर बसून झोपला असाल."

गाडीतले सगळे हसले. हे भांडण पुढं वर्षानुवर्षं चाललं. मी म्हणायचो उजवा, ती म्हणायची डावरा. तिच्या भावजया, आत्या, सगळ्या तिच्याच बाजूनं साक्ष द्यायच्या. मी एकटा पडायचो.

जत्रेहून परत आलो आणि दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या आईच्या ताटात डाव्या हातानं भाकरी टाकली. आई बघतच राहिली. ही म्हणाली, "आत्याबाई, हातच हाय, साप न्हाई." आईनं भाकरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि खाल्ली. त्या दिवसापासून ती घरात सरळ उभी राहून वाढायला लागली. एका पिक्चरनं एवढं होतं का, असं शिकलेली माणसं विचारतील. मला माहीत नाही. झालं एवढं खरं.

मग मारामारीचा पिक्चर आला की ही निघाली. प्रेमाबिमाचे तिला चालायचे नाहीत. "झाडाभवती फिरून कुणाचं पोट भरलंय?" म्हणायची. फायटिंगचीही तिची पारख होती. "ज्याला लागत न्हाई, त्याची मारामारी काय बघायची? त्यापरीस टोणग्यांची टक्कर बरी." पडद्याशी बोलायची सुद्धा. "ऊठ रं बाबा, ऊठ, मागनं आलाय बघ." आजूबाजूचे वैतागायचे.

तर सांगलीला दुसरा भाग लागला. एस.टी.नं गेलो. थेटरात बायकांचं वेगळं असं काही नव्हतं, त्यामुळं उभ्या जन्मात पहिल्यांदा पिक्चरला शेजारी शेजारी बसलो. थेटर गच्च. सगळे पहिला भाग बघून आलेले. हिरो आल्या आल्या शिट्ट्या पडल्या. अर्ध्या तासानं माणसं शेंगा खायला लागली.

खाणीतला गडी आता जीपमधून फिरत होता. डोळ्याला काळा चष्मा. वीस जणांना मारलं तरी शर्टाची घडी मोडली नाही. मेलेला मुकादम परत कसा आणायचा, तर त्याचा जुळा भाऊ काढला. घोडी वाढवली, बंदुकी वाढवल्या, दोन डोंगर उडवले. भाजीत मीठ नाही म्हणून तिखट टाकत सुटावं, तसला प्रकार. पहिल्यात हा जगतो का मरतो, तेच कळत नव्हतं. दुसऱ्यात तो मरणार नाही हे शेंगावाल्यालाही ठाऊक. मग जीव कशाला टांगायचा? आणि काढणाऱ्यालाही ठाऊक, की लोक पहिल्याच्या मायेनं येणारच. जिथं माणूस आपणहून येतो, तिथं त्याला कोण विचारतो?

ही गप्प होती. ऊठ नाही, बस नाही. इंटरवलला म्हणाली, "ह्यो त्यो न्हवं."

"त्योच हाय की. तोंड बघ."

"तोंड असंल. हात बघा." मग म्हणाली, "ह्याला बी सरळ केला."

पुढं ती पडद्याकडं बघत होती, पण बघत नव्हती. मी एवढा दणकट माणूस, पण तिचं ते तोंड मला बघवेना.

परत येताना एस.टी.त ड्रायव्हरच्या वरच्या आरशात मला कंडक्टर दिसला. त्याच्या डाव्या खांद्याची पिशवी आरशात उजव्या खांद्यावर. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. पडद्याच्या मागं बसलेल्या बायकांना सगळंच उलटं दिसलं होतं. अक्षरंही उलटी दिसली असणार, पण त्यांच्यात वाचता कुणाला येत होतं? मला पोटात ठेवता येत नाही. मी तिथंच सगळं सांगून टाकलं.

तिनं नीट ऐकून घेतलं. "म्हंजे पुढच्यांनी उजवा बघितला?"

"व्हय."

"आन् आमी समद्यांनी डावरा?"

"व्हय. हिरो उजवाच हुता गं."

तासगाव येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, आता रडते. स्टँडवर उतरताना म्हणाली, "मग आज तिकडं पाठीमागं कोण बसलं न्हवतं, म्हणून त्यो आला न्हाई. त्यात त्याची काय चूक?" आणि माझ्या हातात पिशवी देऊन पुढं चालायला लागली.

घरी आल्यावर छाती जड झालीय म्हणाली. एस.टी.चे दणके बसले असतील, असं तीच म्हणाली आणि मीही मानलं. म्हशीची धार काढली, भाकरी खाल्ली, झोपली. पहाटे हाक मारली तर उठली नाही. दुपारपर्यंत सगळं उरकलं. पोरगा पुण्याहून आला तो सरळ ओढ्याकाठच्या मसणवट्यातच आला.

संध्याकाळी शेजारची बाई धार काढायला बसली, तर म्हशीनं लाथ घालून चरवी उडवली. पोरानं बसून बघितलं, त्यालाही जवळ येऊ दिलं नाही. रात्रभर म्हैस कास ताठल्यानं ओरडत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यात गेलो. सगळे बसतात त्या बाजूला बसलो, तर तिनं पाय उचलला. तेव्हा ध्यानात आलं, की डावरी तिला कायम पलीकडच्या अंगाला बसून पिळायची. मी उठलो, म्हशीला वळसा घातला आणि तिकडं बसलो. म्हशीनं मान वळवून बघितलं. माझे हात उलटे पडत होते. वेळ लागला, निम्मं दूध बाहेर सांडलं. पण म्हैस हलली नाही.