सुवार्ता सिस्टरची थांबायची जागा

सुवार्ता गेल्याची बातमी मला लाउडस्पीकरवाल्या रफीकभाईंनी दिली. वसमतच्या भाजीबाजारात मी मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होते आणि ते समोरून सायकल हातात धरून येत होते. मला पाहून थांबले, डोक्यावरची टोपी सारखी केली आणि म्हणाले, "मनूबाई, तुमाला कळलं न्हाई का? आपल्या सिस्टर गेल्या. सकाळीच." खरं सांगते, आधी दुःख झालं नाही. आधी राग आला. लहानपणापासून चर्चमध्ये एका सतरंजीवर बसलेली मी, आणि तिच्या घरच्यांनी पहिला फोन केला तो लाउडस्पीकरवाल्याला! रफीकभाई डोळे पुसत होते आणि मी हातात मेथी धरून मनात म्हणत होते, बघा, जाताना सुद्धा हिने मला दुसऱ्या नंबरवर ठेवलं... मग घरी आल्यावर, मेथी निवडता निवडता रडू आलं ते थांबेना. पण तो राग काही गेला नाही. हे लिहायला बसले आहे तरी तो शेजारी बसलेलाच आहे.

सुवार्ता कोण, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. दवाखान्यातली सिस्टर म्हणून निम्म्या तालुक्याची बाळंतपणं तिच्या हातची. पण या पुरवणीचे वाचक तिला ओळखत असतील ते गिटारवाली सिस्टर म्हणून. मराठी ख्रिस्ती गाण्यात इलेक्ट्रिक गिटार आणि डफ एकत्र आणून, उभं राहून, पाय आपटत गाणारी पहिली बाई. आता नातवंडांच्या वयाची पोरं मोबाइलवर तिची गाणी लावतात आणि त्याला रॉक म्हणतात. आम्ही तेव्हा त्याला धिंगाणा म्हणत होतो. मी तर आजही खासगीत तेच म्हणते.

माझे वडील आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, प्रचारक. ते पेटीवर बसून कीर्तन करायचे, येशूच्या जन्माचं आख्यान लावायचे तर बायका पदर डोळ्याला लावायच्या. त्यांनी मला पेटी शिकवली, पुढे मी गाण्याच्या परीक्षा दिल्या, शाळेत संगीत शिकवायला लागले. ताल म्हणजे ताल आणि सूर म्हणजे सूर, अशा घरात मी वाढले. सुवार्ता आमच्या समोरच्या घरातली. तिचा आवाज पहिल्यापासून घोगरा, थंडीत बसलेल्या घशासारखा. वडील तिला गायनवृंदात मागच्या रांगेत उभं करायचे आणि मला पुढे. ती मागून माझी वेणी ओढायची. त्या वेळी सगळं आपापल्या जागेवर होतं, असं म्हणायला हरकत नाही.

मग ती नर्सिंगचं शिकायला सिकंदराबादला गेली. तिथे तिच्या खोलीत रेल्वेतल्या ड्रायव्हरची एक मुलगी राहायची, तिच्याकडून ही गिटार शिकली. परत आली तेव्हा एका हातात पत्र्याची पेटी आणि दुसऱ्या हातात चादरीत गुंडाळलेली ती लाल गिटार. एसटीतून उतरली तर लोकांना वाटलं, पोरगी काय आजारी लेकरू घेऊन आली की काय! संध्याकाळी तिने मला ती दाखवली. वायर जोडल्याशिवाय त्यातून डासासारखा आवाज यायचा. मी म्हटलं, "हे एवढंच?" ती हसून म्हणाली, "थांब की गं मने. करंट तर लागू दे."

तो करंट लागला पुनरुत्थानाच्या सणाला, म्हणजे ईस्टरला. सुवार्ताने स्वतः एक गाणं बांधलं होतं. पहाटे येशूच्या थडग्याशी पोचलेल्या बायका तोंडाचा दगड बाजूला झालेला बघून एकमेकींना विचारतात, असं ते होतं. 'दगड कोणी लोटला गं, दगड कोणी लोटला?' आणि पुढची ओळ, 'आत कुणी न्हाई बाई, बाहेर उजाडला.' एका तांड्यावरचे दोघं भाऊ डफ घेऊन आले होते. चर्चचे पाळकसाहेब जुन्या वळणाचे, त्यांनी कपाळाला हात लावला, पण त्यांच्या सुनेचं अवघड बाळंतपण नुकतंच सुवार्ताने सोडवलेलं, म्हणून गप्प राहिले. लाउडस्पीकर रफीकभाईंचा. ते तेव्हा तरुण होते आणि आदल्या दिवशी उरुसातली कव्वाली आटपून मशीन तसंच टेम्पोत टाकून थेट आमच्याकडे आले होते. कव्वालीला आवाज घुमावा म्हणून मशीनचा इको शेवटपर्यंत फिरवलेला, आणि ते बटण तिथेच अडकून बसलेलं.

सुवार्ताने पहिली ओळ म्हटली. 'दगड कोणी लोटला?' आणि चर्चच्या पत्र्याखाली ते 'लोटला... लोटला... लोटला...' असं घुमत राहिलं. गिटारही घुमली, डफही घुमला. पुढच्या सतरंजीवर बसलेल्या म्हाताऱ्या दचकून वर बघायला लागल्या. रफीकभाई बटणाशी झटापट करून राहिले होते. सुवार्ता गोंधळली. तो घुमारा विरेपर्यंत तिला पुढची ओळ घेता येईना, म्हणून ती तशीच उभी राहिली, तोंड उघडं, हात तारांवर. कहरव्याचा ताल चाललेला, त्याच्या अर्ध्या आवर्तनाचा तिने खुशाल बळी दिला. डफवाले तिच्याकडे बघून थांबले. आणि मग अगदी शांत झाल्यावर तिने पुढची ओळ घेतली, 'आत कुणी न्हाई बाई...' आणि अख्खी मंडळी उभी राहिली. कुणी सांगितलं नव्हतं. माझे वडीलसुद्धा उभे राहिले. माझ्या गाण्याला ते कधी उभे राहिले नव्हते, मान हलवायचे.

त्या दिवसापासून ती जागा त्या गाण्याला चिकटली ती चिकटलीच. पुढच्या खेपेला रफीकभाईंनी बटण दुरुस्त करून आणलं, इको बंद, तरी सुवार्ता तिथे थांबली. मी बाजूला पेटीवर होते. मला आता पुढे जायचं, तर ही गप्प. नंतर मी तिला म्हटलं, "ते मशीन बिघडलं होतं म्हणून तू थांबली होतीस. आता काहून थांबून राहिली?" ती म्हणाली, "लोकं थांबले ना गं. मी एकटी पुढं जाऊन काय करू?" तिला हे चुकीचं वाटतच नव्हतं. तालात भोक पाडायचं आणि वर लोकांचं नाव सांगायचं!

पुढे तर त्या भोकाचा महिमाच सुरू झाला. जवळा बाजारच्या आठवडी बाजारात टेम्पोच्या पाठीवर उभी राहून ती ते गाणं म्हणायची. कापसाच्या गाठोड्यांवर बसलेली माणसं, ज्यांना येशूशी काही देणंघेणं नव्हतं, तीही त्या जागेवर श्वास धरून थांबायची. नांदेडला कॅसेट काढली, त्यातही ती जागा आहे, टेप संपली की काय असं वाटावं इतकी लांब. नवे पाळकसाहेब आले, त्यांनी तर प्रवचनच केलं. म्हणाले, ही रिकाम्या थडग्याची शांतता आहे, बहिणीला पवित्र आत्म्याने सुचवलेली. मी पेटीवर बसून होते. मला मोठ्याने ओरडून सांगावंसं वाटलं, अहो, ही उरुसातल्या कव्वालीची देणगी आहे! पलीकडे मशीनजवळ बसलेल्या रफीकभाईंनी माझ्याकडे बघितलं आणि हळूच छताकडे नजर वळवली.

पुण्याहून एक तरुण मुलाखत घ्यायला आला होता. तिची घेऊन झाल्यावर माझ्याकडे आला. मी साडी बदलून, पेटी पुसून बसले होते. त्याने विचारलं, "सिस्टर लहानपणी कशा होत्या?" मी म्हटलं, घोगऱ्या. त्याला ते फार आवडलं. चहा पिऊन गेला. मी गाते का, हे त्याने विचारलंही नाही. असे प्रसंग मोजायला बसले तर पुरवणी पुरायची नाही. हेवा हा शब्द लोक हळू आवाजात उच्चारतात. मला तो सरळ म्हणायला काही वाटत नाही. मला तिचा हेवा वाटायचा. तिच्या आवाजाचा नाही, तो माझा चांगला होता. तिच्या बेफिकिरीचा वाटायचा. चुकलं तरी लोक तिच्या बाजूने चुकायचे, त्याचा वाटायचा. आणि सगळ्यात जास्त लागायचं ते हे, की तिला माझा हेवा एकदाही वाटला नाही. माझ्या प्रत्येक कार्यक्रमाला ती ड्यूटी बदलून यायची, पहिल्या रांगेत बसायची, आणि घरी जाताना म्हणायची, "मने, किती गोड गातेस गं तू!" इतक्या मोकळेपणाने म्हणायची की मला रात्रभर चिडायला तेवढंच पुरायचं.

शेवटची भेट तिच्या घरी झाली. किडनीच्या आजाराने ती पार वाळली होती, बोटं सुजलेली. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हाताला सुई लावली, आता स्वतःचे दोन्ही हात टोचून निळे झालेले. पण जीभ तशीच. मी मोसंबी सोलत होते. ती म्हणाली, "मने, दगडाचं गाणं तू म्हणली असतीस ना, तर बराबर तालात म्हणली असतीस."

"मग काय तर."

"आन् लोकं शाळेतल्यावानी वही काढून बसले असते." असं म्हणून ती स्वतःच हसायला लागली, आणि हसता हसता दमली. मलाही हसू आलं. पण मोसंबीची साल मी जरा जोरातच ओढली. थोड्या वेळाने तिने डोळे मिटले आणि म्हणाली, "मी गेल्यावर गायनवृंद तुलाच बघावा लागंल. पोरं चांगले हायेत. लई रागवू नको त्याह्यला..." वडिलांनंतर तिच्याकडे गेलेला तो गायनवृंद मला तरुणपणापासून हवा होता, आणि तो ती असा देत होती, जणू घराची किल्ली शेजारी ठेवून बाहेर निघाली आहे.

ती गेल्यानंतर काही आठवड्यांनी स्मरणाची उपासना ठरली. गायनवृंद माझ्याकडे आला. मी ठरवलंच होतं, आता ते गाणं सरळ करायचं. मी बदला घेत नव्हते, निदान तेव्हा तसं वाटत नव्हतं. गाणं चांगलं आहे, तर ते नीट बांधलेलं राहावं, पुढच्या पोरांना तालासकट मिळावं. तालमीत मी पोरांना मात्रा मोजून दिल्या. एक मुलगी म्हणाली, "आंटी, इथं थांबतेत ना?" मी म्हटलं, इथे काही नाही, सरळ पुढे जायचं. पोरं शहाणी, दोन तालमीत बिनचूक बसवलं त्यांनी. ऐकताना मला फार समाधान वाटलं. रफीकभाई नवं मशीन घेऊन आले होते, त्यात सगळं बटणावर. त्यांनी विचारलं, "थोडा इको सोडू का, मनूबाई?" मी नको म्हटलं.

चर्च भरलं होतं. औंढ्याकडच्या खेड्यांतून टेम्पो भरून बायका आल्या होत्या, तिच्या हातून बाळंत झालेल्या. गाणं सुरू झालं, सगळी मंडळी बरोबर म्हणत होती. 'दगड कोणी लोटला?' आणि माझी पेटी पुढे गेली, पोरं पुढे गेली, 'आत कुणी न्हाई...' आणि मंडळी गप्प. एवढी माणसं, एकाही तोंडातून शब्द नाही. सगळे थांबलेले. पोरं घाबरून एकेक करत बंद पडली. मी एकटी दोन सूर पुढे वाजवत राहिले आणि मग माझीही बोटं थांबली. तेव्हा कुठे, आपल्या वेळेला, त्या सगळ्यांनी एकदम पुढची ओळ उचलली, इतक्या जोरात की मला पेटी ऐकू येईना. मी वाजवत होते की नुसता भाता हलवत होते, हे मला आता सांगता येणार नाही.

उपासना संपल्यावर पायऱ्यांवर एका म्हातारीने माझा हात धरला. मी तिला ओळखतही नव्हते. ती रागावली नव्हती, समजावून सांगत होती. "बाई, तुमी लई घाई केली बघा. सिस्टरला यायला यळ लागतो तिथं." एवढं बोलून चपला शोधत ती टेम्पोकडे गेली.

आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ते गाणं होतं आणि पेटीवर मी असते. ती ओळ झाली की मी हात पट्ट्यांवरून उचलते आणि भाता धरून ठेवते. पोरं माझ्याकडे बघतात. छताचा पंखा ऐकू येतो, बाहेर स्टँडवरच्या एसटीचा कंडक्टर औंढा, औंढा ओरडत असतो तो ऐकू येतो. माझ्या गाण्यात अशी जागा कुठेच नाही, माझं सगळं भरलेलं आहे, आणि मी गेल्यावर माझ्यासाठी कुणी कुठल्या ओळीला थांबणार नाही. हे मला त्या क्षणी दर वेळी स्पष्ट कळतं आणि पोटात तसंच दुखतं, जसं तरुणपणी दुखायचं. मी मात्रा मोजायचं सोडून दिलं आहे. कधी पुढे जायचं ते मला मंडळीच्या आधी कळतं, आणि तरी मी सुवार्ताला आधी जाऊ देते.