बशीतले दोन देठ

सांगलीच्या मंडईत स्ट्रॉबेरीचा वास आला की आजही माझे तळहात गार पडतात. हायकोर्टातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी.

तेव्हा मी एका तालुक्याच्या कोर्टात नवी न्यायाधीश होते. संध्याकाळी घरी आले, तर ओट्यावर स्ट्रॉबेरीची पेटी आणि शेजारी बशीत दोन हिरवे देठ.

"पाचगणीकडचा म्हातारा देऊन गेला," आई म्हणाली. "पयला तोडा हाय म्हणाला. दारात आलेल्याला न्हाई कसं म्हणू? दोनच खाल्ल्या बघ, लय गोड हायत."

त्याचं नाव विचारलं, तर ओळखीचं निघालं. त्याच्याच जमिनीच्या दाव्याचा निकाल मी दुसऱ्या दिवशी देणार होते. पेटी आत येताना कुणी पाहिली असेल तर? बाई लाच खातात म्हणतील. पेटी शिपायाकरवी परत पाठवली, देठ परसात पुरले. मग त्याच्या बाजूनं लिहून ठेवलेला निकाल फाडला आणि उलटा लिहिला.

सकाळी कोर्टात निकाल ऐकून म्हाताऱ्यानं हात जोडले. "बाईसाहेब, तुमी म्हनाल ते खरं," म्हणाला आणि पायऱ्या उतरून गेला.

तो अपिलात गेला असता, तर मी सुटले असते. तो गेलाच नाही.