कृष्णधवलचा आठवडा

आमच्या फोटोच्या ग्रुपचे नियम तीनच होते आणि तिन्ही सरांनी केलेले होते. सर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, ग्रुपचे अ‍ॅडमिन. दर रविवारी संध्याकाळी ते एक विषय द्यायचे आणि शनिवारी दुपारी बारापर्यंत प्रत्येकाने त्यावर एकच फोटो टाकायचा, हा पहिला नियम. फोटोखाली एक अक्षरही लिहायचं नाही, फोटोने स्वतः बोललं पाहिजे, हा दुसरा. आणि दुसऱ्याच्या फोटोला नुसता अंगठा दाखवायचा नाही, निदान दोन शब्द लिहायचे, हा तिसरा. ‘मला ग्रुपमध्ये अंगठेबहाद्दर नकोत,’ असं सर म्हणायचे.

साठेक माणसं होती ग्रुपमध्ये, बहुतेक सगळी जॉगिंग ट्रॅकवर एकमेकांना भेटलेली. मी शाळेत गणित शिकवते. हिला गणितापलीकडे काही दिसत नाही, असं स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हटलेलं माझ्या कानावर आलं, त्या रागात मी ग्रुपात शिरले. ‘पाणी’ या विषयाला अर्ध्या ग्रुपने गोदाघाटावर जाऊन एकाच पायरीवरून एकच फोटो काढला. मी आमच्या इमारतीच्या गळक्या टाकीचा टाकला. सरांनी ‘वा, बाई!’ लिहिलं. त्या दोन शब्दांनी मी जी हरभऱ्याच्या झाडावर चढले, ती उतरायला तयार नव्हते.

मग एका रविवारी, दसरा होऊन आठ-दहा दिवस झाले असतील, सरांनी विषय दिला ‘कृष्णधवल’.

इथे बाबांबद्दल सांगायला हवं. देवळाली कॅम्पात बाबांचं लष्करी गणवेश शिवायचं दुकान. चाळीस वर्षं त्यांनी स्वतः मशीन चालवलं, आता ते दुकान माझा धाकटा भाऊ बघतो. दोन वर्षांपूर्वी बाबा न्हाणीघरात पडले. भाऊ दुकानात होता, वहिनी माहेरी गेली होती. तासभर ते ओल्या फरशीवर पडून होते. मला कळलं तेव्हा मी रिक्षा करून गेले आणि बाबांना नाशिकला माझ्या घरी घेऊन आले. लग्न मी केलेलं नाही, त्यामुळे कुणाला विचारायचा प्रश्न नव्हता. भावाशी फोनवर कडाक्याचं भांडण झालं. मी त्याचा नंबर ब्लॉक केला आणि विषय मिटवून टाकला. निदान मला वाटलं की मिटला.

बाबांना जवळजवळ ऐकू येत नाही, त्यामुळे त्यांच्याकडे फोन नाही. भावाबद्दल ते माझ्याकडे कधी एक शब्द बोलले नाहीत. पण सोमवारी दुकानाला सुट्टी असते. दर सोमवारी ते सकाळीच दाढी करायचे, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायचे आणि रस्ता दिसेल अशा बेताने गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे. मला ते दिसत होतं. मी न दिसल्यासारखं करत होते.

त्या सोमवारी मी शाळेतून आले तर ते तसेच बसल्या बसल्या झोपले होते. मान मागे भिंतीला टेकलेली, डोळे मिटलेले, हात मांडीवर. उतरतं ऊन एका गालावर पडलं होतं. मी चपला न काढता फोटो काढला, कृष्णधवल केला, आणि मला तो फार म्हणजे फारच आवडला. त्यांच्या डोक्यामागे गॅलरीच्या दारावर दसऱ्याचं सुकलेलं झेंडूचं तोरण लोंबत होतं आणि पायाशी डासांची कॉइल जळत होती, हे मला माहीत होतं. पण माझ्या लेखी ते तोरण होतं आणि ती कॉइल होती.

शनिवारी आमची शाळा सकाळची. सातला दहा मिनिटं कमी असताना स्टाफरूममधून मी तो फोटो टाकला आणि नियमाप्रमाणे खाली काही लिहिलं नाही. फोन कपाटात ठेवला. तासाला फोन न्यायचा नाही, हा शाळेचा नियम.

साडेअकराला कपाट उघडलं तेव्हा फोनवर नव्वदच्या वर मेसेज होते. मला वाटलं, फोटो गाजला! मी खुर्चीवर टेकले, चष्मा पुसला, आणि शेवटून वाचायला सुरुवात केली.

‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.’ ‘भावपूर्ण श्रद्धांजली.’ ‘बाई, खंबीर राहा.’

त्या क्षणी मला फोटोबिटो काही आठवलं नाही. एकच कळलं की मी शाळेत असताना बाबा गेले, आणि सगळ्या जगाला माझ्याआधी कळलं. शेजारच्या बाई पाणी आणायला धावल्या. मी त्यांना बाजूला सारलं आणि जिना उतरले. स्कूटी सुरू कशी केली, सिग्नल लाल होते की हिरवे, मला आजही सांगता येणार नाही. तोंडाने मी ‘नाही, नाही, नाही’ एवढंच म्हणत होते.

घराचं दार सताड उघडं होतं. बाहेर चपलांचा ढीग. आत सोफ्यावर ग्रुपमधली चार माणसं गोठल्यासारखी बसली होती, एकाच्या मांडीवर मोगऱ्याचा भलामोठा हार. आणि समोर खुर्चीत बाबा बशीतून चहा पीत होते.

‘आलीस?’ बाबा म्हणाले. ‘ही तुझी मंडळी केव्हाची आलीत. काही बोलत नाहीत. कोण गेलं गं?’

मी तिथेच जमिनीवर बसले आणि मोठ्याने रडले. बाबा घाबरून पुन्हा पुन्हा ‘कोण गेलं, कोण गेलं’ विचारत राहिले. खालच्या मावशी दिवसभर बाबांजवळ असतात, त्या निफाडकडच्या. त्या म्हणाल्या, ‘मॅडम, ही मान्सं आली ती हात जोडूनच. मी दार उघडलं, मागं बाबा दिसले तर यातला एक जन खालीच बसला. मला काय समजंना, मी आपला च्या टाकला.’

मग उलगडा झाला. कवितेची आवड असलेल्या एक ताई आहेत ग्रुपात, त्यांनी नियमाप्रमाणे फोटोखाली पहिले दोन शब्द लिहिले होते: ‘किती शांत!’ त्याखाली कुणीतरी विचारलं, ‘शांत झाले?’ त्याखाली ‘अरेरे, कधी?’ आणि त्यानंतर मागे वळून बघायला कुणी थांबलं नाही. आमच्याकडे पहिली श्रद्धांजली पडली की बाकीच्यांचे अंगठे आपोआप चालतात. चांगली शिकलेली साठ माणसं, मेंढरांसारखी! काळा-पांढरा फोटो, मिटलेले डोळे, वर फुलं, खाली धूर, आणि एका अक्षराचा खुलासा नाही. माझा संताप झाला आणि तो नेमका कुणावर काढायचा ते कळेना, कारण फोटो मीच काढला होता.

हार आणलेले गृहस्थ तो पिशवीत परत कोंबत होते तेव्हा मी ग्रुपवर लिहिलं की बाबा ठणठणीत आहेत. आणि तेव्हाच मला सुभेदारांचा मेसेज दिसला. हे निवृत्त सुभेदार कॅम्पात राहतात. त्यांचे गणवेश वर्षानुवर्षं बाबांनीच शिवले. नऊ वाजून दहा मिनिटांनी त्यांनी मला वेगळं लिहिलं होतं: ‘मॅडम, दुःखाच्या वेळी फोन करत नाही. तुमच्या भावाला दुकानात जाऊन मी स्वतः सांगितले. ते लगेच निघाले.’

मी घड्याळ पाहिलं. सव्वाबारा वाजले होते. कॅम्पातून माझ्या घरी यायला फार तर पाऊण तास लागतो.

हा दुसरा धक्का पहिल्यापेक्षा वाईट होता. बाप गेल्याचं कळून तीन तास झाले आणि हा आला नव्हता. मी दोन वर्षांनी त्याचा नंबर मोकळा केला, फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. उचलला नाही. त्याच्याबद्दल माझं जे वाईट मत होतं ते सगळं खरं ठरलं होतं, आणि याचा मला जो आनंद व्हायला हवा होता तो होईना. बाबांना मी यातलं काही सांगितलं नाही. शर्टाची बाही सावरत ते म्हणाले, ‘आज माणसं फार आली. बरं वाटलं.’

दोन वाजता दार वाजलं. भाऊ होता. पायात चपला होत्या, पण पाय घोट्यापर्यंत राखाडी धुळीने माखलेले. खांद्यावर नवीन, घडी न मोडलेला पंचा. माझ्याकडे न बघता तो माझ्या खांद्यावरून आत बघत होता. बाबा दिसले तसा त्याने चौकटीला हात धरला.

‘फोन मुका करून ठेवला होता. बघितला तर सुभेदारांचा येत होता,’ तो म्हणाला. ‘आत्ता. म्हणाले, चूक झाली.’

‘आणि तू कुठे होतास?’ माझा आवाज चढलाच. ‘नऊपासून?’

‘अमरधामात.’

स्मशानात हा काय करत होता, मला कळलं नाही.

‘घरी येऊन काय केलं असतं?’ तो हळू बोलत होता. ‘म्हटलं, तिथे तर आणतीलच. लांब उभा राहीन, गर्दीत तुला दिसणारही नाही. नोंद करणाऱ्या माणसाला बाबांचं नाव सांगितलं, तो म्हणाला अजून नाही आले. तीन जणांना आणलं ताई, मी तिथे असताना. दर वेळी पुढे जाऊन तोंड बघितलं. तिसऱ्या वेळी त्यांच्यातल्या एकाने विचारलं, तुम्ही कोण? मला सांगता येईना.’

बाबांनी त्याला पाहिलं होतं. ते खुर्चीतून उठायला धडपडत होते. चपला दारातच टाकून तो धावत आत गेला आणि त्यांच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून बसला. बाबांनी त्याच्या केसांतून हात फिरवला. मग त्यांचा हात त्याच्या कॉलरवर आला आणि सवयीने त्यांनी ती उलटून पाहिली. ‘टीप वाकडी गेली आहे,’ ते म्हणाले. ‘जेवलास का?’

मी पिठलं टाकलं. तो जेवला. बाबा त्याच्या ताटाकडे बघत बसले आणि त्याला दुकानातल्या एकेका मशीनची खबर विचारत राहिले, तो त्यांच्या कानाशी वाकून ओरडून सांगत राहिला. मी ओट्यापाशी उभी होते. तीन अनोळखी प्रेतांची तोंडं त्याने पाहिली होती, हे माझ्या डोक्यातून जाईना. गणवेशाच्या दुकानातला हा भित्रा माणूस, लहानपणी तिरडी दिसली तर माझा हात धरून डोळे मिटायचा.

बाबांना डुलकी लागली तसा तो उठला. मी दारापर्यंत गेले. एवढं तरी विचारायलाच हवं होतं.

‘घरी का नाही आलास सरळ? मी काय हाकललं असतं तुला?’

‘तूच म्हणाली होतीस.’

‘काय म्हणाले होते?’

‘बाबा गेले तर पेपरात वाच. मी कळवणार नाही.’

मी म्हणणार होते की असं मी कधीच बोलले नाही. मला खरोखर आठवत नव्हतं. आणि मग आठवलं. भांडणाच्या फोनवर, अगदी शेवटी, ठेवायच्या आधी. माझ्यासाठी ते रागातलं एक वाक्य होतं, असली दहा तरी मी रोज वर्गात बोलते. त्याने ते दोन वर्षं खरं मानलं होतं. म्हणून सुभेदारांनी सांगितलं तेव्हा त्याला नवल वाटलं नाही की बहिणीने कळवलं नाही. त्याने दुकान बंद केलं, पंचा विकत घेतला, आणि मी सांगितलं होतं तसा वागला.

‘ताई,’ त्याने विचारलं, ‘खरंच कळवलं नसतंस?’

‘वेडा आहेस का, कळवलं असतं,’ असं मी म्हणाले. पण ते म्हणायला मला थोडा वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात त्याने चपला घातल्या होत्या.