निफाड्याला आणलं आणि लाडू-पेढ्याचं बिनसलं

गिनीपिग पाळणारं कुणी आहे का इथं? जरा सांगा.

माझे लाडू आणि पेढा पिल्लं असल्यापासून एकाच पिंजऱ्यात, एकमेकांना चिकटून झोपणारे. आज सकाळी सहजच निफाडला गेलो. काम काहीच नव्हतं, बस दिसली म्हणून बसलो. तिथला मित्र एक गिनीपिग दाखवून म्हणाला, "हा एकटाच उरलाय, ने ना भाऊ." आणला. नाव ठेवलं निफाड्या.

आणि घरी येऊन थेट त्यांच्या पिंजऱ्यात सोडला. आधी शेजारी वेगळं ठेवून वासाची ओळख होऊ द्यायची असते, हे नंतर वाचलं. लाडूनं दात कटकट वाजवले, पेढा मध्ये आला आणि लाडू पेढ्यालाच चावला. कान फाटला बिचाऱ्याचा.

निफाड्याला लगेच द्राक्षांच्या क्रेटमध्ये ठेवलं. पेढ्याचा कान डॉक्टरांना दाखवून आणला. पण आता लाडू आणि पेढा दोन कोपऱ्यांत, पाठ फिरवून बसलेत. कोथिंबीर टाकली तरी कुणी हलत नाही.

ताई म्हणाली, "तुझा पाय घरात टिकत नाही, म्हणून यांचंही घर मोडायचं का रे?"

निफाड्याची सोय करीन कुठंतरी. पण भांडलेले दोघं परत चिकटून झोपतात का हो? तुमचे झोपले का?