मला अडवा की!

बोलता बोलता टेबलावर चापट मारायची आणि म्हणायचं, "मला अडवा की!" ही आमच्या मॅडमची सवय. पुण्याच्या कडेला असलेल्या इंधन डेपोत त्या आमच्या शिफ्टच्या प्रमुख. खुर्ची त्यांना सोसतच नसे. कंट्रोल रूममध्ये खिडकीपासून दारापर्यंत सारख्या येरझारा, हातात गार झालेला चहा. वारज्याच्या घरून येताना मॅडम सिग्नलला तरी थांबतात की नाही, अशी आम्ही त्यांच्या माघारी चेष्टा करायचो.

मधूनच त्या मुद्दाम चुकीचा हुकूम सोडत. "दोन नंबरच्या टाकीत डिझेल घ्या." दोनमध्ये पेट्रोल असतं हे गेटवरच्या वॉचमनलाही ठाऊक. आम्ही मात्र एका सुरात, "हो मॅडम."

मग चापट. "अहो, माणसं आहात की नंदीबैल? उद्या मी खरंच चुकले तर?"

तुम्हीही अशा खोलीत कधी बसला असाल. चूक सगळ्यांना दिसते, बोलत कुणीच नाही. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर, आणि त्याचा मला अभिमान आहे. पण पदवीच्या कितीतरी आधी घरानं शिकवलेलं, मोठ्यांना उलट बोलायचं नाही. मॅडमनी ते माझ्यातून खरवडून काढलं. "चुकताय तुम्ही," असं पहिल्यांदा म्हणालो तेव्हा माझी कानशिलं तापली होती. त्या म्हणाल्या, "वा, कंठ फुटला! आता जरा मोठ्यानं."

त्या दुपारी बाहेर टँकरांची रांग, हॉर्नचा गोंगाट, मॅनेजरसाहेबांचे फोनवर फोन. मॅडम फिरत फिरतच उत्तरं देत होत्या. एकदाचा फोन ठेवला आणि म्हणाल्या, "चार नंबरचा पंप लावा."

चारच्या लाइनवर आमचा फिटर व्हॉल्व्ह खोलून बसला होता. कामाची परवानगी सकाळी मॅडमनीच दिली होती. शेजारचा सहकारी हळूच म्हणाला, "घ्या, परीक्षा सुरू!"

मीही हसतच म्हणालो, "थांबा मॅडम. चारवर माणूस आहे."

चापट पडली नाही. शाबासकीही नाही. मॅडम होत्या तिथंच उभ्या राहिल्या, आणि त्यांचा चेहरा पाहून आमचं हसू विरलं. ही परीक्षा नव्हती.

उशीर का होतोय ते बघायला मॅनेजरसाहेब आले. सगळं ऐकून म्हणाले, "पंप लागलाच नाही ना? मग विषय कशाला वाढवताय?"

"तो माणूस तिथं बसलाय साहेब. त्याला सांगायला नको?" म्हणत त्या तडक पाइपांकडे निघाल्या. आम्ही मागोमाग.

फिटर चिंधीनं पाना पुसत होता. मॅडम त्याच्यासमोर जाऊन म्हणाल्या, "आज माझ्या हातून तुमचा जीव गेला असता. तुम्ही इथं आहात हेच मी विसरले."

तो ओशाळला. "असं काय बोलता मॅडम? हाय की मी धडधाकट. च्या घ्या." त्यानं थर्मासचं झाकण भरून पुढं केलं. मॅडम त्याच्याशेजारी पाइपावर बसल्या आणि तो चहा गरम असतानाच संपवला.

पुढच्याच महिन्यात मॅडमनी स्वतःहून बदली मागून घेतली. आता शहरातल्या ऑफिसात असतात म्हणे. आम्हाला त्या गेल्यावरच कळलं.

फिटर अजूनही कधीतरी कंट्रोल रूमच्या दाराशी येतो. आत येत नाही.

"सायेब, माझ्यापायी गेल्या का हो मॅडम?"

मी नाही म्हणतो. तो मान हलवतो, आणि तसाच उभा राहतो.